पायाच्या मापाचा दोरा

सन चौपन्नच्या सप्टेंबरात माझ्या उजव्या पायाचं प्लास्टर निघालं, त्या दिवसाची ही गोष्ट. पाय पार वाळला होता, पण डॉक्टर म्हणाले, "हाड जुळलंय, युस्टेस. महिन्याभरात चालाल." आठवडाभर रोज संध्याकाळी तळपाय भाजतो, हे सांगितलं तर ते हसले. मीही हसलो. अंधेरीच्या स्टुडिओत दिवे बांधायचं माझं काम. शिडी चढता आली की मला बाकी काही नको होतं.

माझ्याबरोबर त्याच शिडीवरून एडवर्डही पडला होता. लहानपणापासूनचा दोस्त. तो कुबडी घेऊन का होईना, हिंडत होता. म्हणून आठवड्यापूर्वी मोतमाउलीच्या चर्चच्या जत्रेला मी त्यालाच पाठवलं होतं. माझी बायको कॉन्सेप्टा हिने माझ्या पायाचं माप घेऊन निळा दोरा तोडला, गुडघ्याच्या जागी गाठ मारली. त्या दोऱ्याची वात घालून मेणाचा पाय करवून घ्यायचा आणि माझ्या नावाने माउलीपुढे ठेवायचा, एवढंच काम होतं.

जत्रेनंतर फिरकला नव्हता, तो एडवर्ड प्लास्टर निघालं त्या दिवशी चार वाजता आला. ताठ, झपाझप चालत. चहा झाला, स्टुडिओतल्या गमतीजमती झाल्या. खूप दिवसांनी पोटभर हसलो. त्याच्या शर्टाला मात्र विझलेल्या मेणबत्तीचा वास येत होता.

"कुबडी कुठंय रे?"

"टाकली. लागतच नाय."

"आणि माझा पाय? ठेवलास ना माउलीपुढे?"

तो कपात बघत राहिला. "रांगेत तुझंच नाव घोकत होतो, शप्पथ... पण पाय असा ठणकत होता ना..."

"कुणाचं नाव घेतलंस, एडवर्ड?"

"माझं."

कॉन्सेप्टाने छातीवर बोटांनी क्रूस केला. परक्याने केलं असतं तर मी त्याचं नरडं धरलं असतं. याच्यासमोर मला रडूच आलं.

"मग तो पाय तिथंच आहे?"

"नाय रे... घरी आणला. रोज संध्याकाळची घंटा झाली की थोडा पेटवतो." तो उठून दारापर्यंत गेला. "पेटवला की दुखत नाय."

"आण तो इकडे! आत्ताच्या आत्ता आण!"

"आणतो," तो म्हणाला. पण माझ्याकडे बघून नाही.

आम्ही दोघं वाट बघत बसलो. देवळाची घंटा झाली. एडवर्ड आला नाही. थोड्या वेळाने तळपाय भाजू लागला.

"कंदील जरा खाली धर गं..."

तिने धरला. माझ्या टाचेतून निळ्या दोऱ्याचं टोक बाहेर आलं होतं. काळं, जळकं. तिने बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

ते अजून गरम होतं.