डावीकडं कललेलं दार

चार दिवसांत दौंडहून भांडगावची ही तिसरी फेरी. उसाच्या ट्रॅक्टरमागं गाडी रांगत होती आणि ख्रिस्तोफर पुरता वैतागला होता. शेजारी त्याची थोरली बहीण इवा, खासगी तपास करणारी, भिंत उभी सरळ आहे का ते बघायचा गवंड्याचा ओळंबा मांडीवर घेऊन बसली होती. कशाला, ते सांगत नव्हती.

त्याच्या मते प्रकरण कधीच मिटलं होतं, चोर नर्सच. भांडगावच्या म्हाताऱ्या मुक्ताबाईंच्या डोळ्याला उसाचं पाचट लागलं, शिरूरला ऑपरेशन झालं. उजेड सोसेना म्हणून खिडक्यांना काळा कागद लावला. पाच दिवसांपूर्वी दुपारी त्या झोपल्या असताना पलंगाखालच्या पेटीतून पाटल्या आणि मृत्युपत्र गेलं. निम्मी जमीन त्यांनी लेकीला लिहिली होती.

सून अंजना तेव्हा पाटसला शिवणक्लासात होती. क्लासमधल्या बायकांनी तसं सांगितलं. केडगावहून येणारी नर्स करुणा म्हणत होती, की तीनला दार वाजवलं, आतून आवाज आला नाही म्हणून ती माघारी फिरली. मुलगा सत्यजीत म्हणाला, तो आईच्याच खोलीत खुर्चीत ताठ बसून होता, पाठसुद्धा टेकली नव्हती. करुणा आत आली, पेटीशी वाकली. औषध घेत असेल असं त्याला वाटलं.

"अंधारात दुसरं काय बघणार?" तो म्हणाला होता. "दाराच्या फटीतली उजेडाची रेघच बघत हुतो. डावीकडं लई कललंय ते दार."

इवानं आल्या आल्या फटीसमोर ओळंबा सोडला. दोरी आणि फट एका रेषेत. मग सगळ्यांना खोलीत घेऊन तिनं दार लावलं आणि ख्रिस्तोफरला खुर्चीत बसवलं.

"सरळ आहे," तो करवादला. "हे बघायला इतक्या लांब आणलंस?"

"आता जमिनीवर, उजव्या कुशीवर हो. हात पलंगाखाली घाल आणि रेघ बघत राहा."

इस्त्रीच्या शर्टाचं वाटोळं झालं, असं पुटपुटत तो आडवा झाला. पेटी भिंतीला टेकलेली, त्याशिवाय हात पुरतच नव्हता. मिनिटभरानं त्याचं पुटपुटणं थांबलं.

"ताई, रेघ डावीकडं कललीय."

"अंधारात माणूस आडवा झाला की उभी रेघ त्याला उलट बाजूला कललेली दिसते," इवा म्हणाली. "भिंती, चौकटी दिसत असल्या तर नजर सावरून घेते. इथं रेघेशिवाय काहीच दिसत नाही. सत्यजीतराव, खुर्चीत ताठ बसलेल्याला हे दार कललेलं दिसलं नसतं. करुणानं दार वाजवलं तेव्हा तुम्ही इथं पडून होता, हात पेटीत. हलायची सोय नव्हती, म्हणून रेघेकडं बघत राहिलात."

सत्यजीत म्हणाला, जरा आडवा झालो असेन. पण पाठही टेकली नाही, हे त्यानंच तीनदा सांगितलं होतं.

"कागद कुठं हाय?" पलंगावरून मुक्ताबाईंनी विचारलं.

तो म्हणाला, "विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत. पाटल्या बी."

अंजनानं जाऊन दोन्ही आणलं. मुक्ताबाईंनी चाचपून पाहिलं आणि करुणाला विचारलं, "बाई, कामावर राहशील का?"

"राहते, आजी. पण यांनी मला चोर म्हटलं ते ओट्यावर, सगळ्या आळीदेखत. खरं बी तिथंच सांगू द्यात."

मुक्ताबाईंनी पट्टी बांधलेला चेहरा मुलाच्या दिशेनं वळवला. "जा," त्या म्हणाल्या. "आन् मला हितं ऐकू येईल असं बोल."

सत्यजीत उठला. ख्रिस्तोफरनं त्याच्यासाठी दार उघडून धरलं.