वाचलंस?

लाइट येईपर्यंत बसा सगळे. ही आपल्याच सोसायटीतल्या हेमांगीची गोष्ट. सुधन्वाची मुलगी, इतिहासात पीएचडी करते ती. तिच्या तोंडून ऐकली तशीच सांगतो.

गेल्या डिसेंबरातला शेवटचा शनिवार. फाळणीनंतर दिल्लीत वसलेल्या वसाहतींवर तिचं काम चाललं होतं. त्या विषयावर आधी कोणी काय लिहून ठेवलंय त्याची संदर्भसूची तिनं सरांना दिली, ती दोनदा परत आली. नुसती नावं नकोत, म्हणाले, प्रत्येक पुस्तकाखाली चार ओळी हव्यात: लेखक काय म्हणतो, कशाच्या आधारावर म्हणतो, आणि तुला त्याचा उपयोग काय. सोमवारी नाही दिली तर वर्ष गेलं.

लायब्ररीत न मिळालेली पुस्तकं गाझियाबादला ओळखीच्या भाऊसाहेबांच्या घरी होती. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, पुस्तकवेडे. दिवाळीत वारले. त्यांच्या बायकोनं, चंद्रप्रभाकाकूंनी, सगळी पुस्तकं एका दुकानदाराला द्यायचं ठरवलं होतं. टेम्पो रविवारी सकाळी येणार, म्हणून हेमांगी शनिवारी संध्याकाळीच पोचली. काकूंनी खिचडी वाढली, हीटर लावून दिला आणि आत जाऊन झोपल्या.

पहिली काही पुस्तकं तिनं मन लावून वाचली. मग डोळे चुरचुरायला लागले. मान धरली. बाहेर धुकं असं, की समोरचा ब्लॉक दिसेना. तिला वाटलं, कोण तपासणार आहे यार. पुढच्या पुस्तकाचं मलपृष्ठ पाहिलं, अनुक्रमणिका चाळली आणि चार ओळी लिहून टाकल्या.

पाठीमागे पान उलटल्याचा आवाज आला.

"काकू?"

आतून काकूंचं घोरणं ऐकू येत होतं.

तिनं पुढचं पुस्तक घेतलं. ते तर उघडलंच नाही. चार ओळी लिहिल्या.

"वाचलंस?"

अगदी हळू. दमलेला, म्हातारा आवाज. खांद्याशी.

तिला वळवेना.

"वाचलंस?"

"...नाही."

मागची खुर्ची सरकली. जवळ.

"मग वाच. मी आहे."

पळून जायचंही बळ नव्हतं, असं ती म्हणते. तिनं खोटी टिपणं खोडली आणि वाचायला लागली. तिनं पान उलटलं की मागेही उलटायचं. तिला डुलकी लागली की ते थांबायचं... वाट बघायचं.

उजाडता उजाडता शेवटचं टिपण झालं. खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. काकू बाहेर आल्या आणि दारातच थबकल्या. तेव्हा कुठे हेमांगीनं मागे पाहिलं.

खुर्ची रिकामी होती. तिच्यावर एक चष्मा. रात्री तो तिथे नव्हता.

काचा वाफेनं धुकट झालेल्या. काकूंनी चष्मा उचलला, पदरानं पुसला, परत खुर्चीवर ठेवला. दोघी बघत राहिल्या.

काचांवर पुन्हा वाफ धरली... गेली... पुन्हा धरली.