धाकटीचं अंथरूण

बाबा गेल्यावर घरातली वाटणी सोपी झाली. त्यांची सुतारकामाची हत्यारं दादाने घेतली, पुस्तकं मी. उरली धाकटी.

धाकटी म्हणजे बाबांची बोआ जातीची सापीण. पुरुषभर लांब, तपकिरी. पण उन्हाची तिरीप पडली की अंगावर पाण्यातल्या तेलासारखे रंग फिरायचे. तिच्याआधी धाकटीचं पद माझ्याकडे होतं.

"घेऊन जा बाई तुझ्या बहिणीला," दादा म्हणाला. "माझ्याकडे आणली तर तुझी वहिनी माहेरी जाईल."

तिची काचेची पेटी चौथ्या मजल्यावर माझ्याकडे चढवायची होती. जड होती, म्हणून आतली सगळी माती आम्ही खालीच ओतून टाकली. बाबा तिला अंथरूण म्हणायचे. आम्हाला ती साधी माती वाटली होती.

सोपं म्हणून मी आधी वर्तमानपत्र घातलं. धाकटी त्यावर दिवसभर सळसळत फिरायची, कुठे दडायला मिळतंय का बघत. मग तिची कात तुकड्यांनी निघाली. एका डोळ्यावरची पापुद्र्यासारखी तशीच राहिली. तिने उंदीर घेणं सोडलं.

"दमट अंथरूण लागतं हिला," प्राण्यांच्या दुकानातला माणूस म्हणाला. "नाहीतर कोरडी पडत पडत जाईल. जमत नसेल तर माझ्याकडे आणून सोडा."

दमटपणा कसा बघायचा ते मला ठाऊक होतं. बाबा अंथरुणाची मूठ भरून दाबायचे आणि हात उघडायचे. गोळा उभा राहायला हवा, पण पाणी गळता कामा नये. त्यांच्या गोळ्यावर बोटांच्या चार खाचा पडायच्या. एक आखूड, कारण उजव्या हाताच्या अंगठ्याजवळच्या बोटाची पुढची दोन पेरं करवतीत गेली होती. लहानपणी त्या आखूड खाचेत मी माझं बोट बसवून बघायची.

हे सगळं आठवत असूनही मी काय केलं, तर बाबांच्या कारखान्यातून लाकडाच्या भुशाचं पोतं आणलं आणि पेटीत पसरलं. त्याला बाबांच्या शर्टासारखा वास येत होता. खोलीत तो वास असावा, एवढंच मला हवं होतं. धाकटी काचेला नाक लावून वर वर चढत राहिली. तिच्या श्वासातून बारीक शिट्टी येऊ लागली.

सकाळी त्या पिवळ्या भुशावर मधोमध काळ्या, ओल्या मातीचा गोळा होता.

घरात माती नव्हती. माझ्याकडे एक कुंडीसुद्धा नाही.

चार खाचा. एक आखूड.

मी घाबरले नाही. चिमट्याने गोळा फोडून पांढऱ्या कागदावर पसरला. काथ्याचा भुगा, झाडाची साल, कुजलेली पानं, कोळशाचे कण. मग दादाला फोन केला.

"तुझ्याकडे माझी किल्ली आहे ना? येऊन गेलास का?"

"कामधंदे नाहीत का मला? झोपेत तूच केलं असशील. बाबा गेल्यापासून धड झोपतेस कुठे?"

"माझी बोटं शाबूत आहेत, दादा."

"मग झोपेत एक दुमडलं असशील."

मी भुसा काढून टाकला. काथ्या, साल, पानं, कोळसा आणून कालवलं आणि पेटीत घातलं. मग पेटीला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी कुलूप तसंच होतं आणि आत गोळा होता. माझ्या अंथरुणाहून ओला. मी पाणी वाढवलं. पुढचा गोळा आला तो माझ्याहून कोरडा, पानं जास्त. मी पानं वाढवली. बाबांनी रंधा धरायला असंच शिकवलं होतं. चुकलं म्हणायचे नाहीत. शेजारी उभं राहून स्वतः एकदा करून दाखवायचे. मला सकाळची ओढ लागली. दात न घासताच मी पेटीपाशी जायची.

धाकटी मात्र खात नव्हती. तिच्या पाठीचा कणा वर दिसू लागला.

दादा दुपारी आला तो कापडी पिशवी घेऊनच. "पुरे आता. दुकानात देऊन टाकू. तुझ्या हातून मेली तर तुलाच सोसायचं नाही."

"एकदा बघू दे. मग ने."

घमेल्यात मी पुन्हा सगळं कालवलं. दादा पेटीला टेकून उभा होता. खिडकीतून ऊन येत होतं. मी मूठ भरली, दाबली.

धाकटीने डोकं उचललं. जीभ बाहेर आली.

मी हात उघडला.

दादा गोळ्याकडे बघत राहिला.

"बोट दुमडलं होतंस?"

"नाही."

त्याने गोळा दोन्ही हातांत घेतला आणि पेटीत ठेवला. मी उरलेली माती भोवती पसरली. धाकटी त्यात शिरली, डोकं तेवढं वर ठेवून. दादाने चिमट्यात उंदीर धरला.

तिने घेतला.

"जेवली गं," दादा म्हणाला. त्याने पिशवीची घडी घालून खिशात कोंबली.

मी हात धुवायला मोरीत गेले. नळ सोडला आणि थांबले.

उजवा हात मनगटापर्यंत काळा झाला होता. फक्त अंगठ्याजवळच्या बोटाची पुढची दोन पेरं कोरडी, स्वच्छ होती.