मावलीची आखणी

मी पेणजवळच्या जोह्याचा. गणपतीचे डोळे रंगवणं हा माझा धंदा. आम्ही त्याला आखणी म्हणतो. शाळा चौथीपर्यंत. साचा कुणीही भरतो, सोंडेला रंग कुणीही देतो, पण डोळे सगळ्यांत शेवटी आणि एकाच हाताने. डोळ्यांवाचून मूर्ती कारखान्याबाहेर जात नाही. अपुरी मूर्ती देणं ही आमच्यात शिवी.

सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये काळेखारच्या सरपंचांचा, हैबतरावांचा निरोप आला. खाडीकाठच्या त्या गावात एक जुनं चर्च आहे. दोन हात जाड चुन्याच्या भिंती, अर्धी कौलं गेलेली, पश्चिमेचं दार उघडलं की थेट मिठागरं. ख्रिस्ती घरं केव्हाच मुंबईला गेली. जाताना शेवटच्या फादरनी किल्ली दिली गोदूबाईकडे, आणि मिठागरात राबणारी ही बाई तीस वर्षं तिथं रोज झाडू मारत राहिली. तेव्हा कुणी ढुंकून बघितलं नाही. आता चर्च गावाच्या ताब्यात आलं, जिल्ह्याहून साहेब आले, समिती झाली, आणि एकाएकी तो 'आपला वारसा' झाला. पाटीवर अकरा नावं. गोदूबाईचं नाही. जे राखतात त्यांच्या हातात झाडू, आणि जे फीत कापतात त्यांच्या हातात कात्री. वारसा म्हणजे एवढंच.

चर्चमधल्या देवमातेला गाव मावली म्हणतं. तिची मूर्ती लाकडाची, माणसाएवढी, तोंड पश्चिमेच्या दाराकडे. रंगाचे पोपडे सुटलेले. डोळे मिटलेले, कोरणाऱ्यानेच पापण्या मिटून कोरलेल्या. दोन्ही डोळ्यांखाली मिठाचा पांढरा थर. खारा वारा, जुनं लाकूड, मीठ फुटणारच. मी ओल्या फडक्याने पुसलं. भाकरी खाऊन आलो, तर पुन्हा. बाकी अंगावर कुठेच नाही.

"जगन, हिचं डोळं उघड," हैबतराव म्हणाले. "रविवारी उद्घाटन. फोटोत झोपलेली दिसंल."

न सांगता मी तेच केलं असतं.

ते गेले. गोदूबाई झाडू धरून तशीच उभी होती.

"नको रं पोरा. ती मिटूनच बरी."

"अपुरी आहे ती, बाय."

"अपुरी नाय. शहाणी हाय."

मग तिने सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी उधाणाच्या भरतीत मिठागराचा बांध फुटला. तिचा कान्हू चिखलाचं घमेलं घेऊन बुजवायला गेला आणि पाण्याबरोबर गेला. प्रेत मिळालं नाही. "खाडीत गेलेला माणूस गावला नाय, की आमच्या बाया हिच्यापुढं मेणबत्ती लावतात. हिनं बघितलं नाय, तवर तो मेला नाय."

दारात तिची सून हौसा फावडं टेकवून उभी होती. कपाळावर ठसठशीत कुंकू. "आत्याबाई, त्याला काय सांगता? त्याचा धंदाच डोळं वटारायचा."

"हस गो, हस," गोदूबाई म्हणाली. "तुझंच कुंकू राखत्ये मी."

मला रागच आला. अकरा वर्षं एका तरण्या बाईला आशेच्या खुंटीवर टांगून ठेवलेलं. माझ्या घरीही हेच. माझा भाऊ रघू वाळूच्या बार्जवर कामाला गेला, त्याला चार वर्षं झाली. पत्र नाही, निरोप नाही. कारखान्याच्या करवतीत डाव्या हाताची दोन बोटं गेली म्हणून तो आमच्या धंद्यात टिकला नव्हता. आई रोज त्याचं ताट वाढते, आणि मी रोज तिच्याशी भांडतो. जे आहे ते बघावं माणसाने, असं माझं म्हणणं.

दुपारी पापण्यांवर लांबी, म्हणजे खाचा बुजवायचा लगदा, भरली. ती सुकल्यावर पांढरा दिला, मग काळा. आखणी करताना मूर्तीसमोर कुणी उभं राहायचं नाही, ही आमची रीत. पहिली नजर माणसावर पडू नये. म्हणून मी पश्चिमेचं दार सताड उघडलं आणि बाजूला राहून बुबुळातला शेवटचा ठिपका ठेवला.

बाहेर मीठ ओढणाऱ्या फावड्यांची खरखर चालली होती. ती थांबली.

मग हौसाची हाक आली. "आत्याबाई!" एवढीच.

दारासमोरच्या वाफ्यात मीठ एके ठिकाणी उंच धरलं होतं. कुशीवर निजलेला माणूस. गुडघे पोटाशी, हात कानाखाली.

गोदूबाई बांधावर बसली.

"असाच निजायचा," ती म्हणाली.

हौसा रडली नाही. तिने दोन्ही मनगटं फावड्याच्या पात्यावर आपटली. काचा मिठात पडल्या. हिरव्या.

"ऊन लय हाय. मीठ कसंबी धरतंय," कुणीतरी म्हणालं.

ते मीठ चार बायांनी घमेल्यांतून खाडीत सोडलं. परत येताना गोदूबाई माझ्याजवळ थांबली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"सकाळी मिट तिचं डोळं," ती म्हणाली. "अजून सात घरी कुंकू हाय."

सकाळी मी एकटाच गेलो. पत्रीच्या पातळ पात्याने लांबी खरवडली. ती सहज निघाली.

खाली पापण्या नव्हत्या.

लाकडाचे डोळे होते. उघडे. दाराकडे लावलेले. खालची कड कोरडी. मिठाचा कणही नाही.

मी वळलो नसतो तर बरं.

कालच्याच वाफ्यात मिठाचा एकजण उताणा पडला होता. उजवा हात छातीवर. डावा पसरलेला.

मी जवळ जाऊन बोटं मोजली. तीन.

मी फावड्याने वाफा सपाट केला. मावलीच्या डोळ्यांवर गोणपाट बांधलं, वरून सुतळीच्या सात गाठी मारल्या. हैबतरावांना सांगितलं, रंग सुकायचाय, उद्घाटन पुढं ढकला. ते काय ओरडले ते आठवत नाही. पेणवरून बस धरून घरी आलो.

आईने रघूचं ताट वाढलेलं होतं. मी भांडलो नाही.

"आज गप्प?" ती म्हणाली. मग माझ्याकडे निरखून बघितलं आणि पदराने माझा गाल पुसला. "डोळ्याखाली हे पांढरं काय लागलंय?"

"रंग," मी म्हणालो.

तिने नीट पुसलं. जेवून हात धुऊन आलो, तर पुन्हा.