वीरधवलदादाच्या कार्डाचा बंद पंखा

"काय बी झालं तरी मशीन उघडायचं न्हाई. आधी मला विचारायचं." मे महिन्यातली सुट्टी संपवून पलटणीत परतताना वीरधवलदादाने तिघांकडून वचन घेतलं होतं. त्याचा धाकटा भाऊ शिवतेज, आणि दर सुट्टीला सांगलीहून उंब्रजला मामाकडे येणारी भावंडं ओवी आणि सौमित्र.

आता विचारायचं तरी कुणाला? दादाच्या चौकीवर रेंज नव्हती. तो दिवाळीसाठी शनिवारी येणार होता, आणि त्याने एकेक भाग जमवून जोडलेला कॉम्प्युटर पार मान टाकून बसला होता.

गाड्यांच्या शर्यतीचा गेम सुरू केला की पाच मिनिटं गाडी झकास पळायची. मग अडखळायची, थांबायची, उडी मारून पुढे जायची. पडद्याच्या कोपऱ्यात आकडे दिसत. पडद्यावरची चित्रं काढणारं ग्राफिक्स कार्ड किती जोराने काम करतंय ते सांगणारा क्लॉक स्पीड एकोणीसशेवरून थेट सहाशेवर कोसळायचा.

कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, नवं टाकून झालं, सेटिंग उतरवून झाली. काहीच फरक पडेना.

"आपली बैलगाडी बरी," शिवतेज म्हणाला, पण कुणी हसलं नाही.

शिवतेजच्या वडिलांनी, तात्यांनी, कॉम्प्युटरच्या दुकानदाराला फोन लावला. त्याने मशीन न बघताच कार्ड गेलंय असं सांगितलं. संध्याकाळी नवं बसवतो, जुनं घेऊन जातो म्हणाला, आणि तात्या हो म्हणून मोकळे झाले.

दादाने हौसेने निवडलेलं कार्ड त्याला न विचारता जाणार होतं. ओवीने पुन्हा गेम लावला. या वेळी गाडीकडे न बघता नुसते आकडे बघत बसली. आधी तापमान चढलं, नव्वदीला टेकलं, आणि मगच वेग पडला.

"कार्ड मेलेलं नाही, तापतंय. स्वतःला वाचवायला हळू होतंय," ती म्हणाली. "आणि हे बघ, कार्डाच्या दोन पंख्यांपैकी एकाच्या वेगाचा आकडा शून्य."

सौमित्रने पत्र्याच्या डब्याला कान लावला. आत बारीक टकटक होती.

उत्तर वीतभर अंतरावर होतं आणि हात बांधलेले. शिवतेजचे डोळे भरून आले.

चारुशीलामामी तुळशीला पाणी घालून आत आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि प्लग काढायला सांगितला.

"वचन तुमी दिलंय. मी कुटं दिलंय?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आत काय बी निघू दे, वीरधवलला मीच सांगीन. तुमाला बोल लागणार न्हाई."

शिवतेजने स्क्रू-ड्रायव्हर आणून दिला. मामींनी बाजूचा पत्रा काढला, आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

पंख्याच्या पात्यांत आपट्याची वाळलेली डहाळी अडकली होती.

दसऱ्याला घरातल्या बंदुकीला, विळ्याला, ट्रॅक्टरला सोनं वाहिलं, तसं मामींनी लेकाच्या यंत्रालाही वाहिलं होतं. वाऱ्याने उडू नये म्हणून मागच्या फटीत खोचलं होतं. ते आत घसरलं.

मामींनी डहाळी अलगद सोडवली, कपाळाला लावली आणि पत्रा बसवला.

प्लग लावून गेम सुरू केला, तशी गाडी पळू लागली. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. वेग एकोणीसशेवरून हलेना, तापमान पासष्टच्या वर जाईना.

तात्यांनी दुकानदाराला येऊ नका म्हणून कळवलं. मग ओवीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरांनो, तुमी होता म्हणून चांगलं कार्ड वाचलं. मी तर न बघताच घालवलं असतं, गड्या!"

सौमित्र आणि शिवतेज खुर्चीसाठी भांडू लागले. त्या गोंधळात मामींनी फडताळावरचा फोन उचलला. गच्चीवर एका कोपऱ्यात रेंज जरा जास्त चांगली येते. वीरधवलच्या चौकीवर लागेल की नाही, कुणास ठाऊक. पदर सावरून त्या एकेक पायरी चढू लागल्या.