हिरवे ठिपके

चंद्रपूरच्या उष्मानियंत्रण कक्षात भिंतभर नकाशावर हिरवे ठिपके वाढत होते आणि निनाद बोरकुटे खुशीत होता. बाहेर पारा पन्नाशी ओलांडून गेला होता. साऱ्या राज्याला वीज पुरवणाऱ्या या शहराला स्वतःसाठी मात्र ती पुरत नव्हती; दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. म्हणून निनादने 'शीतवाटप' यंत्रणा उभारली होती. प्रत्येकाच्या मनगटावर घामपट्टी. घामातलं मीठ जाणवलं की ठिपका पिवळा होई आणि त्या घरच्या पंख्या-कूलरला वीज मिळे. घाम थांबला की ठिपका हिरवा आणि वीज दुसऱ्या घरी.

दुपारी तुकूममधल्या घरी त्याच्या वडिलांचा ठिपकाही पिवळ्याचा हिरवा झाला होता. बाबांचा डोळा लागलाय, असं आईने फोनवर सांगितलं, तेव्हा तो म्हणाला होता, "झोपू दे, उठवू नको. धोका टळला."

दार उघडलं आणि विजेवरची चाकांची खुर्ची सरळ त्याच्या टेबलाला येऊन भिडली. खुर्चीत डॉ. हेमांगी धोटे होत्या. अपघातात मानेचा मणका मोडल्यावर त्यांनी तशाच दुखापतीच्या लोकांसाठी वसतिगृह काढलं होतं आणि स्वतःही तिथेच राहत होत्या.

"आमची वीज काहून तोडली?" त्यांनी विचारलं. "फोन केला तर तुझा माणूस म्हणतो, तुमचे सगळे हिरवे आहेत."

"हिरवेच आहेत, मॅडम. एकालाही घाम नाही."

"येणारच नाही! घाम सोडायचा मेंदूचा निरोप मणक्यातून खाली जातो. आमची ती वाटच तुटलीय. अंग कितीही तापलं तरी कातडी कोरडी. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही म्हणतात ना? आमचं अंग रडतच नाही रे. तिकडे शकुबाई गेडाम बरळायला लागल्यात."

निनादचा चेहरा उतरला. "मग इतके उन्हाळे तुम्ही कसे काढले?"

हेमांगींनी मांडीवरची फवाऱ्याची बाटली उचलून दोन्ही हातांवर पाणी मारलं. "हा आमचा उसना घाम. पाणी उडताना अंगातली उष्णता घेऊन जातं. खरा घामही तेवढंच करतो. पण त्यावर वारा पाहिजे, अन् पंख्याला वीज पाहिजे. तुझ्या पट्टीवरही मारून पाहिलं पाणी. हुशार आहे ती, साध्या पाण्याला भुलत नाही."

पट्टी कातडीचं तापमानही नोंदवत होती, पण हिशेबात धरत नव्हती. ऊन लागलं की ते चुकतं म्हणून निनादनेच ते वगळलं होतं. आता त्याने घाईघाईने नवा नियम घातला. घरात असून कोरडा आणि तापलेला, तो लाल, आणि वीज आधी त्याला. ती वीज कुठून तरी काढायची होती, म्हणून पिवळ्या घरांना फक्त पंखे ठेवले. कक्षातला एसीही बंद केला.

वसतिगृह लाल झालं. थोड्याच वेळात तिथून फोन आला, पंखे फिरले होते. हेमांगींनी सुस्कारा सोडला.

पण लाल रंग थांबेना. बाबूपेठ, घुटकाळा, जटपुरा, जिकडेतिकडे ठिपके पेटत गेले.

"नियम चुकला," निनाद म्हणाला. "या लोकांचे मणके तर शाबूत आहेत."

"यातले दुपारी पिवळे किती होते?"

त्याने पाहिलं. "जवळजवळ सगळेच."

हेमांगींच्या हातातली बाटली खाली पडली. "निनाद, उष्माघातात घाम येता येता आटतो. शरीर हात टेकतं. तू ज्याला आराम समजत होतास..."

निनादला कळायचं ते कळलं होतं. माणूस शुद्ध हरपत असतानाच त्याची यंत्रणा वीज काढून घेत होती. तुकूममधला ठिपकाही लाल होता.

त्याने घरी फोन लावला.

"शांत झोपून आहेत ना," आई म्हणाली. "तूच त म्हणला, उठवू नको."

हेमांगी फोनवर झुकल्या. "काकू, मी डॉक्टर बोलते. अंगाला हात लावून पाहा."

फोनवर आईच्या बांगड्या किणकिणल्या. मग आईचा आवाज फाटला. "अगं बाई, तव्यासारखं लागून राहिलं अंग! कोरडं ठाक! हाका मारून राहिली, त ओ देत नाहीत!"

"तोंडात पाणी घालू नका, ठसका लागेल. कपडे ओले करा, कूलरसमोर सरकवा. पाणी शिंपडत राहा. रुग्णवाहिका पाठवतोय, ती येईपर्यंत थांबायचं नाही."

निनादने तेच शब्द प्रत्येक लाल घरच्या फोनवर पाठवले. घाबरून येणारे उलटे फोन घ्यायला वसतिगृहातली खणखणीत आवाजाची माणसं बसली. उसना घाम कसा आणायचा, हे त्यांच्याइतकं गावात कोणाला ठाऊक होतं?

कक्ष तापत चालला. निनादने खाली पडलेली बाटली उचलली आणि हेमांगींच्या हातांवर, मानेवर फवारा मारू लागला. नजर मात्र एकाच ठिपक्यावर होती. उन्हाळाभर पिवळा रंग दिसला की तो धास्तावत असे. आज त्याच पिवळ्यासाठी तो देव पाण्यात घालून बसला होता.

ठिपका लुकलुकला आणि पिवळा झाला.

"आई पाणी ओततेय, म्हणून असेल," तो भीत भीत म्हणाला.

"साध्या पाण्याला तुझी पट्टी भुलत नाही," हेमांगी म्हणाल्या. "मीठ आहे ते. बाबांचा स्वतःचा घाम आहे."

निनाद हुंदके देऊन रडला. मग बाही डोळ्यांवर फिरवून त्याने पुढचा लाल ठिपका उघडला आणि त्या घरी फोन लावला.