बंद इंजिनाचा श्वास

ही घटना माझ्या घरातली आहे. खोटी वाटली तर खुशाल खोटी समजा, मी भांडायला येणार नाही. फक्त एवढंच सांगते, की ती रात्र नव्हती. रविवारची भर दुपार होती आणि आमच्या इमारतीखालच्या पार्किंगमध्ये ट्यूबलाइट चालू होत्या.

आधी माझ्या धाकट्या भावाबद्दल सांगायला हवं. लहानपणी रडून अख्खी इमारत डोक्यावर घ्यायचा, म्हणून आम्ही त्याला भोंगा म्हणायचो. पुढे त्याला दमा जडला आणि भोंगा हळू बोलायला लागला.

आई लवकर गेली. घरात आम्ही तिघंच. बाबा, मी आणि तो.

त्याचा जीव की प्राण म्हणजे त्याची जुनी गाडी. एकदा त्याने तिच्यासाठी कोल्ड एअर इन्टेक आणला. म्हणजे इंजिनाला हवा पुरवणारा मूळचा काळा डबा काढायचा, त्याजागी जाड चकचकीत पाइप बसवायचा आणि त्याच्या टोकाला उघडा लाल फिल्टर.

"चांगली चाललेली गाडी बिघडवायची हौस!" बाबा कुरकुरले. पण पाना हातात घेऊन पाइपचे क्लॅम्प त्यांनीच आवळले.

"बाबा, त्या डब्यात तिचा जीव घुसमटतो," भोंगा म्हणाला. "माझं राहू दे. तिला तरी मोकळा श्वास घेऊ दे की."

त्याने अ‍ॅक्सिलरेटर दाबला.

हूऽऽश...

गाडीने छाती भरून श्वास घेतल्यासारखा आवाज आला. भोंगा लहान मुलासारखा हसला.

"आता घरात दोन भोंगे झाले," बाबा म्हणाले.

दम्याचं एक असतं. हवा आत घेता येते. ती बाहेर सोडताना माणूस मेटाकुटीला येतो. आम्ही ते वर्षानुवर्षं पाहिलं होतं. बाबा त्याच्या पाठीवरून हात फिरवत एकच बोलायचे, "सोड बाळा. सावकाश सोड. घाई नाही."

थंडीत तो गेला. ऑफिसातून येताना अटॅक आला. त्याने गाडी नीट रस्त्याच्या कडेला घेतली, हँडब्रेक ओढला. खिशात दम्याचा पंप होता... रिकामा.

लोकांनी दार उघडलं तेव्हा इंजिन चालू होतं.

तो नव्हता.

त्यानंतर बाबा रोज दुपारी खाली जाऊन गाडीत बसायला लागले. इंजिन चालू करायचे, अ‍ॅक्सिलरेटर दाबायचे आणि डोळे मिटून ऐकत राहायचे.

"बाबा, जेवायला चला ना."

"थांब जरा. ऐकतोय."

जेवण सुटलं. अंगावरचे कपडे ढगळ झाले. एकदा वॉचमन धापा टाकत वर आला, "ताई, खाली धूर कोंडलाय आणि काका काच उघडत नाहीत!" मी त्यांना ओढून बाहेर काढलं. पार्किंग तीन बाजूंनी बंद. आज वॉचमन होता, उद्या नसला तर? भाऊ गेला होता, आता बापही त्याच गाडीत जायची लक्षणं होती.

मी किल्ली काढून माझ्या पर्समध्ये ठेवली.

तरी बाबा खाली जातच राहिले.

किल्ली तर माझ्याकडे... मग ते करतात काय?

मी त्यांच्या मागे गेले. जिन्याच्या शेवटच्या पायऱ्यांवरच आवाज ऐकू आला.

हूऽऽ...

मग बराच वेळ काही नाही.

मग बारीक शिट्टी. सूं... सूं... सूं...

बॉनेट उघडं होतं. बाबा वाकून लाल फिल्टरच्या तोंडाशी भोंग्याचा पंप धरून उभे होते. नवा पंप. तो दाबून ते हलकेच म्हणत होते, "सोड बाळा. सावकाश सोड. घाई नाही."

मी मनाची समजूत घातली, की बाबांचीच छाती वाजतेय. त्यांना डॉक्टरांकडे नेलं. छाती स्वच्छ निघाली.

तेव्हा मात्र मी ठरवलं. तो पाइपच काढून टाकायचा आणि जुना डबा परत बसवायचा. आवाज गेला की बाबा वर येतील. पुढच्याच रविवारी दुपारी मी मेकॅनिकला बोलावलं. बाबा भिंतीला टेकून उभे राहिले. हातात तो पंप तसाच होता.

मेकॅनिकने फिल्टर काढला, उलटा केला आणि त्याचा हात थांबला.

"ताई, गाडीवर पाणी मारलं होतं का?"

"नाही. का?"

"बाहेरून खडखडीत कोरडा आहे. धूळसुद्धा जागच्या जागी आहे. आतून मात्र चिंब." त्याने बोट फिरवून दाखवलं. "इथून हवा फक्त आत जाते हो. बाहेर कधी येत नाही."

फिल्टर त्याच्या हातात होता. पाइपचं तोंड उघडं पडलं होतं.

किल्ली माझ्या पर्समध्ये...

हूऽऽ...

मेकॅनिकने माझ्याकडे पाहिलं. म्हणजे त्यालाही ऐकू आलं होतं.

सूं... सूं...

आवाज मध्येच अडला. त्या अडण्याची मला ओळख होती. पुढच्या खोलीत भोंग्याचा श्वास असा अडला की मी झोपेतून उठून धावायचे.

मेकॅनिकने घाबरून जुना डबा पाइपवर दाबला. बाबा ओरडले, "अहो, तोंड नका झाकू त्याचं! आधीच जमत नाहीये त्याला!"

मेकॅनिकच्या हातून डबा खाली पडला. तो हत्यारं तिथेच टाकून निघाला, न्यायलाही परत आला नाही.

मी पाइपसमोर तळहात धरला. का धरला, सांगता येणार नाही.

उबदार हवा लागली. थोडीशी. पुन्हा थोडीशी.

तो सोडायला बघत होता आणि त्याला जमत नव्हतं. मी ढसाढसा रडले.

सकाळपासून बाबांच्या पोटात अन्न नव्हतं. मी त्यांच्या हातातला पंप घेतला.

"तुम्ही वर जा, बाबा. जेवून घ्या."

"अगं, पण त्याला..."

"मी आहे ना इथे."

त्यांनी मान हलवली आणि जिना चढून गेले.

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. जे आहे ते काय आहे, मला माहीत नाही. विचारायची भीती वाटते. बाबा मात्र सावरले. वेळेवर जेवतात, दुपारी डोळाही लागतो त्यांचा. नातेवाईक म्हणतात, पोरीने बापाला बाहेर काढलं.

दुपारी खाली मी असते.